गिऱ्हाईक येण्याआधी

पतंजलीच्या महाभाष्यात अगदी आरंभीच एक मोठी मौजेची गोष्ट आलेली आहे. ज्याला घट हवा असतो तो कुंभाराच्या घरी जातो आणि घट करून मागतो; परंतु ज्याला शब्द हवा असतो तो काही वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. शब्द आधीपासून तयारच असतात, असे पतंजलीला म्हणायचे आहे. एम. ए.च्या वर्गात हा दाखला दिला की विद्यार्थी शब्दाच्या नित्यत्वाविषयी माना डोलावतात आणि टिपणे घेतात. मला मात्र हल्ली त्या शब्दापेक्षा त्या कुंभाराचीच काळजी जास्त वाटू लागली आहे.

हा कुंभार खरोखरच गिऱ्हाईक दाराशी आल्यावर चाकावर बसत असेल काय? ज्याने कुंभारवाडा पाहिला आहे त्याला हे पटणार नाही. माती भिजवायची, तुडवायची, मडके चाकावरून उतरवायचे, थापटायचे, सावलीत वाळवायचे आणि मग आवा पेटवायचा. एका मडक्यासाठी आवा कोणी पेटवीत नाही. तेव्हा पतंजलीच्या गिऱ्हाइकाने मागितलेला घट बहुधा कोपऱ्यात रचलेल्या उतरंडीतूनच निघाला असणार. म्हणजे तोही, शब्दासारखाच, आधीपासून तयार होता! थोर वैयाकरणांनीही क्वचित बाजारहाट करावी, ती याच कारणासाठी.

माल आधी करायचा आणि गिऱ्हाइकाची वाट मागाहून पाहायची, ही जगातल्या जुन्या धाडसांपैकी एक गोष्ट आहे. पण आपल्या खेड्यांतून कित्येक शतके हे धाडस फारसे कोणाला करावे लागत नसे. बलुतेदारीत गिऱ्हाईक ठरलेले, त्याचे घर ठरलेले, सुगीला मिळायचे धान्यही ठरलेले. गावात किती चुली आहेत हे कुंभाराला आणि किती नांगर आहेत हे सुताराला तोंडपाठ असे. अंदाज करण्याचे कारणच नव्हते. बलुतेदारीचे गोडवे मी गाणार नाही. त्या व्यवस्थेत कोणाचा सन्मान झाला आणि कोणाचा झाला नाही हे सर्वांना ठाऊक आहे. मी बोलतो आहे ते केवळ अंदाजाविषयी. गावाबाहेरचे, तोंडओळखही नसलेले गिऱ्हाईक आले, आठवडी बाजार आणि जत्रा आल्या, की कारागिराला पहिल्यांदा स्वतःशी प्रश्न करावा लागला: किती करू, आणि कसे करू?

आमचे बीड एके काळी छागलीसाठी नावाजलेले होते. जुन्या गॅझेटियरांतून तिची नोंद आहे. छागल म्हणजे पाणी बरोबर नेण्याची चामड्याची पिशवी. मराठवाड्यातील उन्हाळा आणि बैलगाडीचा प्रवास, यांनी तिचे गिऱ्हाईक जवळजवळ निश्चित करून ठेवले होते. लहान, मोठी, मधली, एवढेच काय ते प्रकार. अशा मालाला आधी करून ठेवण्यात भय थोडे. आज नाही खपली तर पुढच्या चैत्रात खपेल. भय सुरू होते ते प्रकार वाढले म्हणजे.

कासाराच्या दुकानात जाऊन बघा. (आमच्याकडे कोणी कासार म्हणतात, कोणी मनियार म्हणतात, काचेला जात ठाऊक नाही.) बांगडीची मापे दोन-दोन, दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, दोन-दहा अशी असतात. दोन-चार म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश. आता हिशेब करा. मापे पाच, रंग समजा बारा, नक्षी तीन. एकशेऐंशी प्रकार झाले. प्रत्येकाचे पाच डझन ठेवायचे म्हटले तरी नऊशे डझन बांगड्या भिंतीवर टांगून कासाराने गिऱ्हाइकाची वाट पाहत बसायचे! आणि येणारी बाई हटकून तोच रंग मागते, जो तिच्या मापात संपलेला असतो. “मामा, डाळिंबी हाय का?” “हाय की ताई, पर दोन-आठात हाय.” दोन-आठाची बांगडी दोन-चाराच्या हाताला काय उपयोगाची? फिरोजाबादेच्या भट्टीत काच एकदा थंड झाली की तिच्यात फेरबदल नाही. म्हणून शहाणा कासार मधली मापे भरपूर ठेवतो, हिरवा रंग सगळ्या मापांत ठेवतो, कारण लग्नातला चुडा हिरवाच असायचा, आणि बाकीच्या रंगांच्या बाबतीत देवावर हवाला ठेवतो. वर्षाअखेर त्याच्या दुकानात जे उरते ते अगदी लहान किंवा अगदी मोठ्या मापाचे, आणि गेल्या साली कोणा नटीने लोकप्रिय केलेल्या रंगाचे.

कपड्यांचेही तेच. माझ्या लहानपणी दिवाळीला एकाच ताग्यातून सगळ्या भावंडांचे कपडे निघत आणि शिंपी ते ‘वाढत्या अंगाचे’ शिवी. आत दोन बोटे दुमड ठेवलेली असे. पुढच्या दिवाळीला ती उसवायची. आजच्या तयार कपड्यांच्या दुकानदाराला ही दुमड ठेवता येत नाही. अठ्ठावीस नंबरची विजार अठ्ठावीसच राहते. शिंप्याच्या दारी आपण खेटे घालीत असू, हे खरे. पण त्याच्याकडे न खपलेला असा एकही सदरा नसे. वाट पाहण्याचा ताप गिऱ्हाइकाकडून दुकानदाराकडे गेला, एवढाच काय तो फरक झाला. पुण्याच्या बजाज स्कूटरसाठी एके काळी लोक पैसे भरून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबत, हे आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. तेव्हा सगळी वाट गिऱ्हाइकानेच पाहायची होती. कारखान्याला अंदाज बांधण्याची यातायातच नव्हती.

या सगळ्या प्रश्नाचे सर्वांत हुशारीचे उत्तर मला कुठे सापडले म्हणाल, तर गणपतीच्या मांडवात. भाद्रपदात बीडच्या रस्त्यांवर मूर्तींची दुकाने लागतात. असाच एका दुकानासमोर उभा होतो. एक बाई आल्या आणि एक बैठी मूर्ती दाखवून म्हणाल्या, “दादा, हीच पाहिजे, पण पितांबर जांभळं पाहिजे.” मूर्तीचे पितांबर पिवळे होते. दुकानदार जराही गडबडला नाही. “दोन घंटे थांबा मावशी, करून देतो,” असे म्हणून त्याने मागच्या ताडपत्रीआडून तशीच एक पांढरीफटक मूर्ती पुढे ओढली. मी चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, “सर, आपण पेणहून कच्चाच माल आणतो. रंग हितं.”

कच्चा माल या शब्दाला त्याच्या धंद्यात निराळा अर्थ आहे. कच्ची मूर्ती म्हणजे घडवून, घासून पुरी झालेली, पण रंग न दिलेली मूर्ती. रायगड जिल्ह्यातले पेण आणि त्याच्या आसपासची हमरापूर, जोहे ही गावे म्हणजे या मूर्तींचे माहेर. घरोघर कारखाने, आणि काम बारा महिने. एका गावचे गणपती विसर्जित होतात न होतात तोच पुढच्या वर्षीचे साचे निघतात. आता या मंडळींना एवढी घाई कशाची, असे कोणी विचारील. तर कारण पावसाचे आहे. चतुर्थी येते ऐन पावसाळ्याच्या अखेरीस, आणि कोकणातल्या पावसाळ्यात शाडू काही वाळायचा नाही. तेव्हा मूर्ती घडवून वाळवायची ती हिवाळ्या-उन्हाळ्यातच. परदेशी जाणाऱ्या मूर्तींना आणखी घाई. बोटीला समुद्रावर आठवडेच्या आठवडे लागतात, म्हणून त्या उन्हाळ्यातच पेटाऱ्यांत बसून निघतात. मागणी यायची आषाढ-श्रावणात आणि माल करायचा पौष-माघात. मधल्या सहा महिन्यांचा अंधार मूर्तिकाराला आपल्या अंदाजाच्या पणतीवर पार करावा लागतो.

आणि त्यात प्रकार किती! कोणाला लालबागच्या राजासारखा गणपती हवा, कोणाला दगडूशेठसारखा, कोणाला सिद्धिविनायकासारखा, कोणाला रांगता बालगणेश. २०१४ साली दूरदर्शनसंचावर खंडोबाची ‘जय मल्हार’ ही मालिका गाजू लागली, तेव्हा गणपतीलाही मल्हारी रूप आले. २०१५ साली ‘बाहुबली’ चित्रपट आला आणि गजानन धनुष्यबाण घेऊन उभे राहिले. भक्तांच्या कल्पकतेला मी नावे ठेवीत नाही. चौदा विद्या, चौसष्ट कलांच्या देवाला एखादा चित्रपट कळत नसेल असे थोडेच आहे? पण मूर्तिकाराच्या जागी उभे राहून पाहा. नवा साचा करायचा तो यंदाच्या मालिकेवरून, आणि मूर्ती विकायच्या पुढच्या भाद्रपदात. तोवर मालिका संपली तर?

पुन्हा कासारासारखा हिशेब करू. साचे वीस, उंची सहा प्रकारची, पितांबराचे रंग पाच. सहाशे प्रकार झाले. साधी की खडे जडवलेली, असा भेद केला की बाराशे. एवढ्या साऱ्या मूर्ती रंगवून ठेवल्या तर निम्म्या अंगावर पडतील. पण पांढऱ्या अवस्थेत थांबले तर प्रकार राहतात फक्त एकशेवीस! रंग, खडे, शेला, फेटा, हे सारे गिऱ्हाइकाचे तोंड दिसल्यावर. आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. ती करणारे हात वेगळे असतात. सगळ्या कारागिरांना ती साधत नाही.

मोठमोठ्या कारखान्यांच्या शास्त्रात हीच युक्ती मोठ्या गौरवाने सांगतात. इटलीतल्या बेनेटन नावाच्या कंपनीचे उदाहरण त्या ग्रंथांतून फार येते. स्वेटर आधी बिनरंगी लोकरीचे विणून ठेवायचे आणि यंदा लोकांना कोणता रंग आवडतो आहे हे कळले की मग ते रंगाच्या हौदात बुडवायचे. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या युक्तीने त्या कंपनीचे नाव जगभर झाले. पेणच्या माणसाने यावर ग्रंथ लिहिला नाही. त्याने कच्च्या मूर्तींचे ट्रक भरून पुणे, मुंबई, गुजरात आणि आमच्या बीडकडे रवाना केले, आणि रंगाची चिंता ज्या गावात गिऱ्हाईक राहते त्या गावच्या दुकानदारावर सोपवली. बीडच्या बाईला जांभळे पितांबर हवे, हे पेणला बसून कोणाला कसे कळणार? ते बीडलाच कळावे हे योग्य.

इथवर सारे ठीक आहे. पण जे शेवटी ठरवता येते ते शेवटावर टाकले, तरी काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवाव्या लागतात. मूर्ती कशाची करायची आणि केवढी करायची, या त्या दोन गोष्टी. शाडू की प्लॅस्टर ऑफ पॅरिस; दीड फूट की सहा फूट. शाडू जड, हळू वाळणारा, वाहतुकीत चटकन दुखावणारा. प्लॅस्टर हलके, स्वस्त, साच्यात बघता बघता घट्ट होणारे, पण पाण्यात सहजी न विरघळणारे. रंग बदलता येतो; प्लॅस्टरचा शाडू करता येत नाही आणि सहा फुटांचे चार फूट करता येत नाहीत. मूर्तिकाराचे कर्ज आणि झोप या दोहोंवर अडकलेली असते. आणि अलीकडच्या वर्षांत घाव पडले ते नेमके या दोहोंवर.

२०२० साल आठवा. १२ मे रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्तिविसर्जनाचे सुधारित नियम काढले आणि प्लॅस्टरच्या मूर्तींना मनाई केली. चतुर्थी होती २२ ऑगस्टला. म्हणजे मूर्ती घडून, वाळून, फळ्यांवर ओळीने बसलेल्या असताना हा नियम आला. सुदैवाने त्याच महिन्यात सरकारने मूर्तिकारांचे होऊ घातलेले नुकसान ध्यानात घेऊन ही बंदी एक वर्ष पुढे ढकलली. पण एवढ्याने सुटका नव्हती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. आणि जुलैत, साथीमुळे, राज्य सरकारने मूर्तींच्या उंचीला मर्यादा घातली: सार्वजनिक मंडळांना चार फूट, घरगुती पूजेला दोन फूट. साथीत गर्दी टाळायला हवी होती, यात शंका नाही. पण पाच-सहा फुटांच्या ज्या मूर्ती माघातच उभ्या राहिल्या होत्या, त्यांनी काय करायचे? त्यांना तर साथीची बातमी येण्याआधी आकार मिळाला होता.

दुसरा प्रसंग २०२५ सालचा. ३० जानेवारीला मुंबई उच्च न्यायालयाने प्लॅस्टरच्या मूर्तींवरील बंदीची अंमलबजावणी कडकपणे करावी असे बजावले. पुढे ९ जूनला न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक पाण्यात त्यांचे विसर्जन परवानगीशिवाय करता येणार नाही असे सांगितले. आणि जुलैत, सहा फुटांपर्यंतच्या अशा मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित कराव्यात असा आदेश झाला. चतुर्थी २७ ऑगस्टला होती. जानेवारीची अखेर ते जूनचा पहिला आठवडा, हे चार महिने पंचांगात कोणते आहेत ते पाहा. माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख. मूर्तिकाराचा सगळा उन्हाळा! त्या चार महिन्यांत ज्याने भिऊन हात आखडला त्याच्याकडे जूननंतर माल नव्हता आणि पावसात तो करता येणार नव्हता. ज्याने धीर धरून साचे चालू ठेवले तो तरला. एकाच्या शहाणपणाचे नुकसान झाले आणि दुसऱ्याच्या धाडसाचा फायदा. हा न्याय जुगाराचा झाला.

माझ्या या लिहिण्यावरून मी प्लॅस्टरचा वकील आहे असे कोणी समजू नये. आमच्या बिंदुसरेचे पात्र मी रोज पाहतो. मराठवाड्यात नद्यांना पाणी असते तेच मुळी थोडे दिवस, आणि त्या थोड्या पाण्यावर रंगीत हात-पाय आणि मुकुट तरंगलेले पाहून कोणाही भाविकाला बरे वाटणार नाही. बंदी असावी की नसावी यावर माझे मत ‘असावी’ याच बाजूला झुकते. माझे म्हणणे तिथीचे आहे. जो नियम मूर्ती कशाची आणि केवढी हे ठरवतो, तो कार्तिकात सांगितला तर मूर्तिकार शाडू मागवील, साचे बदलील, कारागिरांना नवे काम शिकवील. तोच नियम वैशाखात सांगितला तर तो फक्त दंड होतो. शेतकऱ्याला पेरणी झाल्यावर बियाणे बदल म्हणून कोणी सांगत नाही. (सांगतही असतील, आमच्या जिल्ह्यात काहीही होऊ शकते.)

कारागिराचे पैसे कसे फिरतात याचा विचार केला तर ही तिथीची गोष्ट किती जिवावरची आहे ते कळते. आमच्या बीड जिल्ह्यातले हजारो लोक दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांच्या व्यवहारात ‘उचल’ हा शब्द आहे. मुकादमाकडून पैसे आधी घ्यायचे आणि ऊस तोडून ते पुढे सहा महिने फेडायचे. तिथे पैसा आधी येतो, श्रम मागाहून जातात, आणि माणूस त्या आधी आलेल्या पैशात अडकतो. मूर्तिकाराचे याच्या उलट. त्याचे श्रम आधी जातात, प्लॅस्टर, काथ्या, मजुरी यांचे पैसे आधी जातात, बँकेचे वा सावकाराचे व्याज आधी सुरू होते, आणि पैसा येतो एकदाच, भाद्रपदात. दोन्हीकडे मधल्या महिन्यांची किंमत ज्याच्याजवळ काहीच शिल्लक नाही तोच भरतो. बयाणा, इसार, उचल असे आगाऊ पैशाला आपल्या भाषेत कितीतरी शब्द आहेत. आगाऊ केलेल्या मालाला मात्र मला ‘तयार माल’ यापलीकडे चांगला शब्द सापडला नाही. त्यात तयारी कोणाची आणि कशाच्या भरवशावर, हे काहीच कळत नाही.

म्हणून इसाराची चाल मूर्तींच्या धंद्यात वाढावी असे मला वाटते, आणि ती काही ठिकाणी आहेही. मोठी मंडळे आपली मूर्ती महिने-महिने आधी सांगून ठेवतात, काही रक्कम हातावर ठेवतात. घरगुती गणपतीचे गिऱ्हाईक मात्र चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी येते आणि वर घासाघीस करते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी मूर्तीची उंची आणि आसन पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते. आमच्या घरी एक वितीची, बैठी, शाडूची. यात चतुर्थीपर्यंत ठरवण्यासारखे काय आहे? होळीच्या सुमारास दुकानदाराला एवढे सांगितले आणि शंभर रुपये हातावर ठेवले, तर तो पेणला सांगू शकेल, आणि पेणचा माणूस एक मूर्ती तरी डोळे मिटून करील. पितांबराचा रंग हवा तर आदल्या दिवशी सांगावा. यंदा हे मी आमच्या दुकानदाराजवळ बोललो. तो म्हणाला, “सर, शंभर माणसं असं बोलले तर मी लिहून घेईन. एकटे तुम्ही बोलले तर चहा पाजीन.” आणि खरेच त्याने चहा मागवला.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा पणत्या लागलेल्या असतील. त्या पणत्याही कोणी तरी पावसाची उघडीप साधून, अंदाजाने घडवून ठेवल्या होत्या, आणि पाडव्यानंतर उरलेल्या पोत्यात भरून पुढच्या साली काढता येतील. पेणकडे मात्र याच दिवसांत नव्या हंगामाचे साचे मांडले जातात. त्या आधी मूर्तिकार पंचांग काढून पाहतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला. २०२६ साली ज्येष्ठ अधिक, म्हणून चतुर्थी १४ सप्टेंबरला. अठरा दिवस जास्तीचे. दुकानदाराच्या हिशेबी रंगकामाला तेवढी सवड, मूर्तिकाराच्या हिशेबी व्याजाचे अठरा दिवस.